ऐकणारे : चार

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्यांतली चूक शोधत आलो आहे. तो माझा पेशाच आहे. मी प्रोग्राम लिहितो. वय चौपन्न, राहणार यवतमाळ. आमच्या घरात कोणी बाहेरचे-आतले मानले नाही, मीही मानले नाही... आजही मानतो असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. फक्त एक आकडा आहे, जो तीन यायला हवा होता आणि चार आला. तो का आला हे मला ठाऊक नाही. त्या आकड्यापर्यंत पोहोचण्यासाठी मला आधी माझा अपराध सांगावा लागेल. तेव्हा तो सांगतो.

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडे आत, कापसातून सरकी वेगळी काढणारी एक जिनिंग फॅक्टरी आहे. नाव लिहीत नाही. कापसाच्या गाड्या येतात, काट्यावर वजन होते, पावती निघते आणि कापूस अंगणात गंजीवर पडतो. एकेक गंजी दुमजली घराएवढी. काटाघरातल्या कम्प्यूटरवर चालणारा प्रोग्राम माझा. अकरा वर्षे तो मीच सांभाळत होतो.

कापसाच्या गंजीचा धोका बाहेरून दिसत नाही. ओलसर माल दबला किंवा कुठे ठिणगी शिरली, की गंजी आतून धुमसते; तासन्‌तास धूरही येत नाही. म्हणून जुनी पद्धत अशी, की गंजीवरच्या माणसाने दर तासाला लांब लोखंडी सळई आत खुपसायची, थोडा वेळ ठेवायची, बाहेर काढायची आणि तिला तळहाताची मागची बाजू लावून पाहायची. आमच्या जिनमध्ये हे काम प्रभाकर करीत असे. तो तिथला इलेक्ट्रिशियन. मूळचा बोरी अरबचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याची सळई पुरुषभर उंचीची होती आणि मुठीला त्याने सायकलच्या लाल ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. मी काटाघरात बसलेलो असलो की तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत दारात उभा राहायचा आणि माझ्या कामाची चौकशी करायचा. माझे काम समजून घ्यावेसे वाटणारा तिथला तो एकटाच माणूस.

तीन वर्षांपूर्वी जिनच्या मालकांनी, शेठजींनी, गंज्यांमध्ये तापमानाचे सेन्सर बसवले आणि ते माझ्या प्रोग्रामला जोडायचे ठरले. त्यासाठी मी इव्हेंट बस वापरली. हे थोडे समजावून सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

आपल्या एसटी स्टँडवर माईकवाला सांगतो, "दारव्हा गाडी फलाटावर लागली आहे." ज्याला दारव्ह्याला जायचे तो उठतो. माईकवाल्याला कोण उठले, किती उठले, हे माहीत नसते. कोणीच उठले नाही तरी त्याचे काही अडत नाही. माझ्या प्रोग्रामच्या आत असेच होते. सेन्सरचा भाग फक्त घोषणा करी – "गंजी तापली." ती घोषणा ऐकण्यासाठी ज्या भागांनी नाव नोंदवले असेल, त्यांना बस ती एकामागून एक पोहोचवी. तेव्हा असे दोन श्रोते होते : एक अंगणातला भोंगा वाजवणारा, दुसरा प्रभाकरच्या मोबाईलवर फोन लावणारा. हा सगळा व्यवहार एकाच चालू प्रोग्रामच्या पोटात होतो. बाहेरून कोणी येऊन त्यात कान लावू शकत नाही. प्रोग्राम बंद झाला की माईक, घोषणा, ऐकणारे – सगळेच संपते. एवढे लक्षात असू द्यावे.

प्रभाकरला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, "बस हाय तर कंडक्टर कोन हाय भाऊ?"

"कंडक्टर नाही. तीच तर सोय आहे. घोषणा करणाऱ्याला ऐकणाऱ्याची काळजी करावी लागत नाही."

"मंग किती जन चढले हे कोन पाह्यते?"

"कोणीच नाही."

"वा रे वा. तुमची गाडी रिकामीच गेली तर?" त्याने खर्ऱ्याची पुडी खिशात ठेवली. "तेवढं तरी लिहून ठेवत जा. बिनाकंडक्टरची गाडी सोडू नये मानसानं."

त्याचे मन राखावे म्हणून मी बसमध्ये दोन ओळी वाढवल्या. प्रत्येक घोषणेनंतर लॉगमध्ये – म्हणजे प्रोग्रामच्या रोजनिशीत – आपोआप लिहिले जाई : वेळ, घोषणा आणि "ऐकणारे" किती. प्रभाकर ते वाचून खूष झाला. भोंग्याची तार त्यानेच ओढली होती.

पण सळई तो सोडीना. भोंगा लागल्यावरही दर तासाला खुपसायचा. मीच त्याला म्हणालो, "प्रभाकर, आता याची गरज नाही. यंत्र तुझ्यापेक्षा लवकर ओळखते." मी हे तीनदा तरी म्हणालो असेन. तिसऱ्यांदा तो हसला आणि म्हणाला, "ठीक हाय, तुम्ही म्हनता तं." दुसऱ्या दिवशी सळई काटाघरातल्या लोखंडी कपाटामागे उभी होती.

जानेवारीत आवक वाढली आणि एका सेन्सरची जोडणी सैल झाली. दिवसातून पाच-सात वेळा तो खोटेच तापू लागला. माझी बस श्रोत्यांना एकामागून एक हाक मारी आणि फोन लागेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद सगळा प्रोग्राम ताटकळे. तेवढा वेळ काट्यावर पावती निघत नसे. रचना माझी, दोष माझा. फोनचे काम वेगळे काढायला हवे होते. शेठजी काटाघराच्या दारात येऊन म्हणाले, "साहेब, रांग हायवेवर गेली. तुमचा कम्प्यूटर आग लागायच्या आधी मलेच जाळून राह्यला." बाहेर गाडीवाले हॉर्न वाजवत होते. मी घाईत, दोन्ही श्रोत्यांची नावे नोंदवणाऱ्या दोन ओळींपुढे खूण करून त्या बंद केल्या. भोंगाही गेला, फोनही गेला. सेन्सरची जोडणी मी तेव्हाच घट्ट केली होती. फोनची रचना यवतमाळला बसून नीट करू आणि आठवड्याभरात ओळी परत चालू करू, असे ठरवले.

प्रभाकर तेव्हा भाचीच्या लग्नासाठी गावी गेला होता. तो परत आल्यावर त्याला सांगायचे होते. मी विसरलो असे आजवर म्हणत आलो. ते खरे नाही. ज्याच्यासाठी त्याला सळई सोडायला लावली तेच मी काढून टाकले, हे त्याला तोंडाने सांगणे मला जड जात होते. चार दिवस मी ते टाळले. फोनवर दोनदा बोललो, दोन्ही वेळा इतर गोष्टी बोललो.

पाचव्या दिवशी दुपारी दोन नंबरच्या गंजीने पेट घेतला. गावाहून परतलेला प्रभाकर तिच्याच सावलीत डबा खाऊन बसला होता. वास आला म्हणून वर चढला, हाताने कापूस उपसायला लागला, आणि आतल्या विस्तवाला वारा मिळाला.

मी यवतमाळहून पोहोचलो तोवर त्याला दवाखान्यात नेले होते. काटाघर शाबूत होते. मी लॉग उघडला. बारा बावन्नपासून दोन दहापर्यंत अकरा घोषणा होत्या. गंजी तापली, ऐकणारे : शून्य. गंजी तापली, ऐकणारे : शून्य. अकरा वेळा. मी ती फाइल पुसली नाही. कोणाला दाखवलीही नाही. न पुसण्यात काही प्रामाणिकपणा आहे का, याचा मी नंतर बरेच दिवस विचार केला.

प्रभाकर सहा दिवस जगला. तिसऱ्या दिवशी मला आत सोडले. त्याने डोळे उघडले आणि ओळखले.

"भाऊ... भोंगा वाजला होता का?"

त्याची बायको, इंदूवहिनी, पायाशी उभ्या होत्या. मी म्हणालो, "वाजला होता."

"मंग मले काहून ऐकू नाही आला?"

"जिनचा आवाज होता, प्रभाकर. असू दे आता."

"कान गेले वाटते माह्ये," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला. मी त्याच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली आणि बाहेर आलो.

त्या दोन शब्दांवर मला नंतर काही करावे लागले नाही. तेच सगळीकडे गेले. जिनमध्ये लोक म्हणू लागले की भोंगा वाजत होता आणि प्रभाकर जेवून डुलकी घेत होता. चौकशीला आलेल्या माणसाने मला विचारले, यंत्रणा चालू होती का? मी म्हणालो, घोषणा होत होत्या. हे अक्षरशः खरे होते. त्याने लिहून घेतले.

पुढच्या हंगामाआधी मी बस पुन्हा बांधली. कोणी कोणासाठी थांबणार नाही अशी. भोंगा, फोन आणि काटाघरातला एक लाल दिवा – तीन श्रोते. कम्प्यूटरही नवा. जुन्यातले काही उचलले नाही, फक्त "ऐकणारे" मोजण्याच्या त्या दोन ओळी सोडून.

डिसेंबरात पहिली खरी घोषणा झाली. गंजी तापली, भोंगा वाजला, माणसे धावली, कापूस पसरला, काही विशेष घडले नाही. संध्याकाळी लॉग पाहिला. ऐकणारे : चार.

मला भीती वाटली नाही. मला वाटले, चूक आहे. एखाद्या श्रोत्याचे नाव दोनदा नोंदवले गेले की असे होते. मी यादी छापून पाहिली, तीन नावे. खोटी घोषणा करून पाहिली, तीन. श्रोते सगळे काढून खोटी घोषणा केली, शून्य. प्रोग्राम घरी आणून रात्रंदिवस चालवला. तीन, तीन, तीन. पुण्याच्या एका मित्राला सगळा कोड पाठवला. त्याने उत्तर दिले, "यात चौथा येऊच शकत नाही, लॉग वाचायला चुकला असशील." पण महिनाभरात जिनमध्ये आणखी दोनदा गंजी खरोखर तापली. दोन्ही वेळा चार.

मग जानेवारीतला तो दिवस. दुपारचा दीड वाजला असेल. लाइट गेलेली होती, म्हणून जिन थांबली होती आणि अंगणात शांतता होती. कम्प्यूटर आणि दिवा बॅटरीवर होते. भोंगा बॅटरीवर नव्हता, तो जोडायचे माझ्याकडूनच राहिले होते. फोन आता गंजीवरच्या नव्या माणसाला जाई. तो जेवायला गावात गेला होता आणि तिथे रेंज नसे. मी एकटा काटाघरात बसलो होतो. दिवा लागला. पडद्यावर – गंजी क्रमांक तीन तापली. ऐकणारे : चार.

मी बाहेर आलो. गंजी एवढी मोठी, की ती नेमकी कुठे तापली हे सेन्सर सांगू शकत नाही. मी तिला वळसा घालून मागे गेलो. पश्चिमेच्या कोपऱ्यात, छातीच्या उंचीवर, तिच्यात सळई खुपसलेली होती. मुठीला लाल ट्यूब.

पलीकडे कडुलिंबाखाली कापूस निवडणाऱ्या बाया डबे उघडून बसल्या होत्या. मी त्यांच्या मुकादमीण कौसल्याबाईंना हाक मारली आणि विचारले, ही कोणी लावली?

"तुम्हीच ना भाऊ?" त्या हात झटकत उठल्या. "आम्ही तं आत्ता बसलो. इकडे कोनी आलं नाही."

"मी नाही लावली."

"मंग?" त्यांनी सळईकडे पाहिले आणि पदर डोक्यावर घेतला. "हे तं त्या प्रभाकरभाऊची हाय. हे तुमच्याच खोलीत होती ना?"

मी सळई ओढली आणि हाताची मागची बाजू लावली. चटका बसला. तिथेच उकरले, बायांनी टाकीचे पाणी आणले. हातभर आत, जेवणाच्या ताटाएवढा कापूस काळा होऊन धुमसत होता. अर्ध्या तासात सगळे निवले. काटाघरात येऊन कपाटामागे पाहिले. तिथे सळई नव्हती.

कोणीतरी ती सकाळीच नेली असेल आणि नंतर कबूल करायला घाबरले असेल. हे शक्य आहे. मी त्या दुपारी प्रत्येकाला विचारले; सगळे नाही म्हणाले. पण 'नाही' म्हणणे किती सोपे असते हे मला कोणी शिकवायला नको.

त्या रविवारी मी बोरी अरबला गेलो. इंदूवहिनी ओसरीवर तूर पाखडत होत्या. त्यांनी पाणी दिले, चहा टाकायला उठल्या, तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, आधी बसा. मग चहा द्यायचा की नाही ते ठरवा." आणि सांगितले. दोन ओळी, चार दिवस, अकरा शून्ये आणि दवाखान्यातले माझे दोन शब्द. मी तयारी करून गेलो होतो, त्यामुळे वाक्ये नीट आली. एवढी नीट आली याचीच मला लाज वाटली.

त्यांनी सूप खाली ठेवले.

"मंग कान बरे होते त्यायचे," त्या म्हणाल्या.

"हो."

"आखरीपर्यंत तेच बोलत होते. कानानं दगा देल्ला म्हने. मी त्यायच्या कानात बोलून पाह्यलं, हळू. समदं ऐकू येत होतं त्यायले." त्या तुरीकडे पाहत होत्या. "मले वाटलं, मरताना मानूस बरळते."

मी चौकशीवाल्यांना लेखी देणार असल्याचे सांगितले. त्यांनी मान हलवली. मग मला तो आकडा आणि सळईही सांगावी लागली. का सांगितली, ठाऊक नाही. त्यांना त्यात नवल वाटलेले दिसले नाही.

"तुम्ही मले सांगतलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यायले कधी सांगता?"

चहा झाला नाही. मी निघालो.

सोमवारी मी चौकशीच्या कार्यालयात लेखी जबाब दिला, सोबत जुना लॉग जोडला. शेठजींनाही सांगितले. ते म्हणाले, "हंगाम संपू द्या साहेब, मंग दुसरा मानूस पाहतो." ते योग्यच होते. दुपारी मी काटाघरात बसलो. प्रोग्राममध्ये एक नवी घोषणा तयार केली. तिला कोणताही श्रोता जोडला नाही. यादी छापून पाहिली; रिकामी होती. अशा घोषणेचा आकडा शून्यच येतो. मी तो कितीतरी वेळा काढून पाहिला होता. घोषणेत मजकूर लिहिला : "प्रभाकर, भोंगा वाजला नव्हता. तो मी काढला होता. तुझे कान बरे होते."

बाहेर ट्रॅक्टर काट्यावर चढत होता. मी बटण दाबले. लॉगमध्ये ओळ उमटली.

ऐकणारे : एक.

मी पुन्हा दाबले नाही. त्या ट्रॅक्टरचे वजन घेतले.

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत गंजी तीनदा तापली आणि तिन्ही वेळा आकडा तीन आला. जेवढे श्रोते, तेवढाच. सळई आता नव्या माणसाकडे आहे. जिन सोडण्यापूर्वी मी त्याच्या हातात दिली आणि यंत्र असले तरी दर तासाला खुपस, असे सांगितले. जबाबावर कार्यालयाकडून अद्याप काही आलेले नाही.

त्या ओळीची प्रत माझ्याकडे आहे. तज्ज्ञ वाचकांपैकी कोणाला कोड पाहायचा असेल तर मी देईन. चूक सापडली तर मी ती मान्य करीन. मला ती सापडलेली नाही. तीन आल्यावर बरे वाटेल असे मला वाटले होते, तसेही काही झाले नाही. दर वेळी लॉग उघडताना, चार असेल का, एवढेच पाहत होतो.